पिकअपला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) बसवतोय – ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा (लॉग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले आकडे, आणि अपडेट याच धाग्यात टाकत राहीन)

ट्रेलरवाला
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गाडी २०१५ ची फुल-साइज पिकअप, ५.३ लिटर व्ही-८, डायरेक्ट इंजेक्शन, कॉम्प्रेशन ११:१, कंपनीकडून ३५५ एचपी. एक लाख साठ हजार किमी झालेत, आत काहीही उघडलेलं नाही, ऑइल मात्र कायम वेळेवर बदललंय. मागे अडीच टनाचा ट्रेलर असतो आणि वाटेत लांब चढ आहेत, तिथे गिअरबॉक्स सारखा तिसरा-चौथा-तिसरा करत राहतो आणि इंजिन ४५०० आरपीएमवर ओरडत चढतं. ते मला नकोय. मला रेस लावायची नाहीये, चढावर खालच्या आरपीएमला ताकद हवी आहे एवढंच.

टर्बोचा विचार केला पण त्यासाठी एक्झॉस्टची सगळी पाइपिंग बदलावी लागते, आणि माझ्याकडे गॅरेजमध्ये वेल्डिंग नाही. म्हणून रूट्स पद्धतीचं, व्हॅलीत, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, बसणारं किट घेतलंय, चार पाकळ्यांचे पिळदार रोटर, खाली मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) पाण्याचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), बूस्ट (हवेचा वाढीव दाब) ७ पीएसआय. पेटीत ब्लोअर, हीट एक्स्चेंजर (इंटरकूलरचं पाणी थंड करणारा), पाण्याचा पंप, टाकी, बेल्ट, आयडलर, क्रॅंक पुलीला पिन मारायचा जिग आणि नवीन प्लग आहेत. ट्यून फाइल (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) दूर बसलेला ट्यूनर लॉग बघून पाठवणार आहे.

विचारायचं असं की, एवढ्या चाललेल्या इंजिनवर हे बसवणं शहाणपणाचं आहे का, आणि बसवण्याआधी काय काय तपासू?

पान्हा१३
आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि मग लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं), आणि हे दोन्ही झाल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नकोस. किलोमीटरने मला काही फरक पडत नाही, रिंगा आणि व्हॉल्व्ह कसे आहेत त्याने पडतो. मी एका मित्राच्या पिकअपवर ब्लोअर बसवायला मदत केली होती, टेस्ट करू म्हणालो तर तो म्हणाला इंजिन मस्त चालतंय कशाला वेळ घालवायचा. बसवल्यावर तीन आठवड्यांत एका सिलिंडरची रिंग लॅंड (पिस्टनवरची, रिंगांमधली कड) तुटली. नंतर लीक-डाउन केलं तर शेजारच्या सिलिंडरमध्येसुद्धा ३० टक्के गळती, म्हणजे ते इंजिन आधीपासूनच दमलेलं होतं आणि आम्ही त्याच्यावर दाब चढवला. अजून वाईट वाटतं त्या इंजिनचं.

लीक-डाउन १० टक्क्यांच्या आत असेल आणि सिलिंडरांमध्ये फार तफावत नसेल तर खुशाल पुढे जा.

रोटर
निवड बरोबर केलीस भाऊ. ट्रेलर ओढायचा असेल तर पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटच हवा, म्हणजे दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा. सेंट्रिफ्युगलचा (पंख्यासारख्या चाकाने हवा फेकणाऱ्या ब्लोअरचा) बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ५६०० ला ७ पीएसआय देत असेल तर २८०० ला जेमतेम पावणेदोन. चढावर तू असतोस २५०० ते ३००० मध्ये, तिथे त्याचा काय उपयोग? हायवेवर मोकळ्या गाडीला तो छान, हवा कमी तापवतो, बसवायला सोपा, पण हे काम त्याचं नाही.

जाता जाता, ही रूट्सची कल्पना मोटारीपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलं, आणि ते ब्लोअर भट्ट्यांना हवा पुरवायला आणि खाणींत हवा खेळवायला वापरले जायचे. मूळ रूट्स हवा स्वतः दाबत नाही, नुसती उचलून पलीकडे टाकते, आणि पलीकडे जागा कमी म्हणून दाब तयार होतो. ट्विन-स्क्रू वेगळा, तो रोटरांच्या मधेच हवा दाबतो. त्यामागे स्वीडनचा इंजिनिअर आल्फ लिशोल्म, १९३० च्या दशकातला. तुझ्याकडचे चार पाकळ्यांचे रोटर १६० अंशांचा पीळ दिलेले असतील, जुन्यांना तीन पाकळ्या आणि ६० अंशांचा पीळ असायचा, त्यामानाने हे खूपच सुधारलेलं काम आहे.

पिकअपवर ब्लोअर म्हणजे काही आगाऊपणा नाही हेही सांगतो. फोर्डने १९९९ ते २००४ च्या लाइटनिंगवर ५.४ लिटरला ईटनचा एम-११२ कारखान्यातूनच बसवून दिला होता, आणि २०२१ च्या रॅम टीआरएक्सला तर ६.२ लिटरवर ७०२ एचपी.

नवशिकी
वाचतेय. एक प्रश्न, सगळीकडे लोक बूस्टपेक्षा तापमानाबद्दल जास्त बोलतात, ७ पीएसआय म्हणजे काही फार दाब नाही ना? मग हवा इतकी तापते कशी?

लॅम्बडा
ताई, चांगला प्रश्न आहे, आकडेच टाकतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. त्यात ७ मिळवले की २१.७, म्हणजे दाब १.४८ पट. हवा २७ अंशांची घेतली, म्हणजे ३०० केल्विन, आणि दाबताना काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी ती ३५ अंशांनी तापते. पण ब्लोअर काही परिपूर्ण नसतो, ६० टक्के कार्यक्षमता धरली तर ३५ चे ५९ होतात. म्हणजे २७ अंशांची हवा ८६ अंशांची होऊन सिलिंडरकडे निघाली. आता कॉम्प्रेशन ११:१ चं इंजिन, त्यात इतकी गरम हवा, की मग ठिणगी पडल्यावर ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं मिश्रण स्वतःच पेटतं. तेच नॉकिंग, आणि पान्हा१३ दादांनी जी तुटलेली रिंग लॅंड सांगितली ती बहुतेक वेळा त्यानेच तुटते. म्हणून इंटरकूलर. तो नीट चालत असेल तर इंजिनला मिळणारी हवा बाहेरच्यापेक्षा १५-२५ अंशच जास्त राहते.

ट्रेलरवाला, तुला दुसरी गोष्ट इंधनाची. बूस्टमध्ये मिश्रण श्रीमंत ठेवावं लागतं, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास. ब्लोअर लावलेलं इंजिन एका एचपीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं असं धर. ४५० एचपी धरले तर तासाला १२० किलोच्या वर, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला पावणेतीन लिटर जवळपास. स्टॉकला हेच दोनच्या आत असतं. पोर्ट इंजेक्शन असतं तर मोठे इंजेक्टर टाकले की झालं, तुझं डायरेक्ट इंजेक्शन आहे, तिथे हाय-प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याची क्षमता ठरलेली. म्हणून लॉगमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब) हवंच. मागितलेलं आणि मिळालेलं अशा दोन रेषा शेजारी ठेव, वरच्या आरपीएमला मिळालेली रेषा खाली पडायला लागली की पंप संपला समजायचं आणि पाय काढायचा.

पान्हा१३
+१. आणि कागदावर ३५५ गुणिले १.४८ करून ५२५ एचपीची स्वप्नं बघू नकोस. ब्लोअर फिरवायला ताकद लागते, हवा तरीही थोडी गरम असते, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागतं. साडेचारशेच्या आसपास धर आणि त्यात समाधान मान, चढावर तुला एचपीपेक्षा टॉर्क दिसणार आहे.

ट्रेलरवाला
टेस्ट झाली. गरम इंजिन, थ्रॉटल उघडा, सगळे प्लग काढून. सात सिलिंडर १८० ते १९० पीएसआयमध्ये, एकटा ७ नंबर १७०. लीक-डाउन बाकीच्यांमध्ये ५-६ टक्के आणि ७ मध्ये ९. सातव्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा काळा आणि थोडा ऑइली निघाला.

जुनाफिटर
सात नंबर हा सिलिंडर बंद करणाऱ्या सिस्टिममधला आहे. या इंजिनात हलक्या लोडला १, ४, ६ आणि ७ झोपवतात. बंद सिलिंडरमध्ये ऑइल वर येतं, प्लग काळा होतो. ९ टक्क्यांवर काम करता येईल पण ट्यूनरला सांग की ही सिस्टिम ट्यूनमधून बंदच कर, ब्लोअरबरोबर ती नकोच. आणि पीसीव्हीच्या लाइनवर (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी नळी) कॅच कॅन (ऑइल अडवणारा डबा) लाव. मॅनिफोल्डमध्ये ऑइलची वाफ गेली की इंटरकूलरच्या पंखांवर थर बसतो, शिवाय ऑइलने पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो, म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

प्लग एक पायरी थंड आहेत ना पेटीत? गॅप स्वतः मोज, पेटीवर विश्वास नको. ०.८ मिमीच्या आसपास ठेव. दाबाखाली ठिणगीला उडी मारायला कष्ट पडतात, गॅप मोठा ठेवलास तर वरच्या आरपीएमला मिस मारेल आणि तू इंधनात दोष शोधत बसशील.

ट्रेलरवाला
काका, मोजले. आठपैकी दोन १.० मिमीचे निघाले! सगळे ०.८ केले. मनापासून आभार.

कामाला सुरुवात केलीये, सविस्तर लिहितो कारण किटबरोबरच्या कागदात बऱ्याच गोष्टी एका ओळीत उडवल्यात.

आदल्या रात्री फ्युएल पंपचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं, कारण या इंजिनात रेलचा दाब १५ मेगापास्कलपर्यंत जातो आणि हाय-प्रेशर पंप व्हॅलीतच, मॅनिफोल्डच्या खाली बसलेला आहे, तिथे गडबड करून चालत नाही. सकाळी बॅटरी सुटी केली, कूलंट काढलं, रेडिएटरचा वरचा पाइप, एअर बॉक्स, थ्रॉटल बॉडी, मग प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून त्यावर नंबर लिहिला आणि फोनने फोटो काढले. स्टॉक मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असल्याने एका हाताने निघाला.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. मॅनिफोल्ड उचलायच्या आधी आजूबाजूची सगळी धूळ हवेच्या नळीने उडवली, व्हॅक्यूमने ओढली, मग ब्रशने, मग परत व्हॅक्यूम, एवढ्यात दीड तास गेला. मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर आठही पोर्टवर रुंद टेप, आणि गॅस्केटची जागा साफ करताना एका वेळी एकच पोर्ट उघडा. फडकं कोंबायचं नाही, धागा आत राहतो. तरीही एक छोटा वॉशर हातातून सुटला आणि व्हॅलीत पडला. पोर्टवर टेप होता म्हणून फक्त चुंबकाने उचलावा लागला. टेप नसता तर हेड काढायची वेळ आली असती, या विचाराने रात्री झोप लागली नाही नीट.

नवशिकी
वाचूनच छातीत धस्स झालं! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

जुनाफिटर
टेपचं चांगलं केलंस. वॉशर पडला की काम थांबवायचं आणि मोजायचं, किती काढले किती हातात आहेत. मी ट्रेमध्ये खणच करतो, रिकामा खण दिसला की पुढे जायचं नाही.

क्रॅंक पुलीची पिन मारताना घाई नको. या घराण्यातल्या इंजिनांत क्रॅंकला चावीची खाच नसते, पुली नुसती घट्ट बसण्यावर आणि बोल्टच्या दाबावर टिकते. स्टॉकला ते पुरतं. ब्लोअरचा भार आला की पुली क्रॅंकवर घसरू शकते, आणि एकदा घसरली की क्रॅंकचं नाकच खराब होतं. ड्रिलवर खोलीची खूण कर, कटिंग ऑइल भरपूर, दर चार-पाच मिमीला बाहेर काढून चुरा साफ कर.

ट्रेलरवाला
पिन झाली. रेडिएटर आणि पंखा काढावा लागला, त्याशिवाय ड्रिल सरळ धरता येत नाही. जिग पुलीच्या बोल्टच्या भोकात बसतो, अर्धं भोक क्रॅंकमध्ये आणि अर्धं पुलीच्या हबमध्ये, आधी लहान ड्रिल, मग रीमर, मग पाव इंची पिन हलकेच ठोकून. बोल्ट नवा वापरला, जुना परत वापरायचा नसतो, आधी टॉर्क आणि मग कोनमापकाने अंश. एका मित्राने स्टार्टरच्या जागेतून फ्लायव्हील अडवून धरलं होतं.

ब्लोअर एकट्याने उचलायच्या फंदात पडू नका, मॅनिफोल्ड आणि इंटरकूलरसकट जड धूड आहे आणि ते सरळ वरून खाली यायला हवं, तिरकं आलं तर गॅस्केट सरकतं. इंजिन होइस्टने टांगून दोघांनी हाताने दिशा दिली. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, शेवटी १० न्यूटन-मीटर. इतका कमी टॉर्क बघून हात आणखी आवळायला बघतो, पण अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे आहेत.

उद्या हीट एक्स्चेंजर, पंप, टाकी आणि बेल्ट.

रोटर
छान चाललंय, वाखु (वाचनखूण) साठवली. बायपास व्हॉल्व्हची व्हॅक्यूमची नळी नक्की लाव. हलक्या थ्रॉटलला तो उघडा राहतो आणि हवा गोल फिरते, ब्लोअर उगाच दाबत बसत नाही. नळी राहिली तर साध्या चालण्यातही हवा तापत राहते आणि पेट्रोल जास्त जातं.

ट्रेलरवाला
चालू झाली!!!

आधी चावी फक्त ऑनला ठेवून तीन वेळा पंप दाब भरू दिला आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघितला, मग फ्युएल बंद ठेवून दहा सेकंद स्टार्टर फिरवला, ऑइल प्रेशर आल्यावरच सुरू केली. ट्यून फाइल टाकताना बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता, मधे व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटरच जातो म्हणतात. आयडल ६५० ला स्थिर. आवाज म्हणजे पातेल्यात दूरवर वारा घुमावा तसा बारीक, थ्रॉटल दिल्यावर चढत जाणारा. पहिले ५० किमी हळू चालवली, ट्यूनरला तीन लॉग पाठवले, त्याने दोन बदल करून नवी फाइल दिली.

आज पहिल्यांदा ट्रेलर लावून चढावर नेली आणि तिथे मला काळजी वाटायला लागली. बाहेर ३१ अंश. चढ ११ मिनिटांचा. इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान सुरुवातीला ४६, वर पोचेपर्यंत ८८! नॉक रिटार्ड (नॉकिंग ओळखून कॉम्प्युटर ठिणगी किती मागे घेतो ते) ६ अंशांपर्यंत गेला, मी पाय काढला आणि बाकीचा चढ हळू चढलो. शिवाय मोकळ्या गाडीवर पूर्ण थ्रॉटलचा लॉग बघितला तर बूस्ट ४८०० पर्यंत ७ आणि त्यानंतर वाढायच्या ऐवजी ५.२ ला उतरतो. दोन्ही लॉग खाली देतोय. माझं काय चुकलंय?

लॅम्बडा
पाय काढलास हे फार बरं केलंस. आता परत ट्रेलर लावू नकोस दुरुस्त होईपर्यंत.

वर मी नवशिकी ताईंना आकडा काढून दिला होता बघ, इंटरकूलर नसेल तर ८६. तुझा ८८. म्हणजे इंटरकूलर तिथे आहे पण काम जवळजवळ करतच नाहीये. तुझा हीट एक्स्चेंजर लहान असता तर तापमान चढून कुठेतरी साठ-पासष्टला थांबलं असतं, हे थांबतच नाहीये. पाणी फिरत नाही. एकतर पंप चालत नाही, नाहीतर हवा अडकलीये.

इंधन मात्र ठीक दिसतंय, रेलच्या दोन्ही रेषा एकमेकांना चिकटून आहेत, लॅम्बडा ०.८१.

जुनाफिटर
टाकीचं झाकण उघड, चावी ऑन कर, आत बघ. पाणी वेगाने घुसळलं पाहिजे. नुसतं थरथरत असेल तर हवा आहे. पंपाला हात लावून काही कळत नाही, हवेतही तो गुणगुणत राहतो.

आणि सगळ्यात उंच जागा कुठली आहे ती शोध. टाकी सगळ्यात उंच असायलाच हवी. कुठला पाइप टाकीच्या वरून उडी मारून गेलाय का?

पान्हा१३
बूस्टचं मी सांगतो, बेल्ट घसरतोय. रबराची काळी भुकटी दिसेल आयडलरच्या आसपास. टेन्शनरला दोष द्यायच्या आधी सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघ.

ट्रेलरवाला
दोन्ही सापडलं. जसं होतं तसं लिहितो.

टाकीत पाणी नुसतं थरथरत होतं. हीट एक्स्चेंजरचा वरचा पाइप मी रेडिएटरच्या आधाराच्या पट्टीवरून नेला होता, नीटनेटका दिसावा म्हणून, आणि तिथे तो टाकीच्या पातळीपेक्षा हातभर वर गेला होता. तिथेच हवेचा फुगा. पाइप पट्टीखालून घेतला, टाकीचा ब्रॅकेट वर सरकवला, आणि या वेळी नुसतं ओतलं नाही, व्हॅक्यूम लावून आतली हवा काढली आणि मग कूलंट खेचू दिलं. सव्वा लिटर जास्त गेलं! म्हणजे एवढी जागा रिकामी होती आणि मी चढावर गाडी नेली होती. काका, झाकण उघडून बघायचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी नवा पंप आणायला निघालो होतो.

बेल्टचं असं की आयडलरचा स्पेसर मी उलटा लावला होता, एका बाजूला त्याला ३ मिमीची कड आहे. पट्टी लावल्यावर लगेच दिसलं. आयडलर ३ मिमी पुढे, बेल्ट पुलीवर तिरका चढत होता आणि भार आला की घसरत होता. बेल्टच्या कडेचे धागे निघाले होते म्हणून बेल्टही बदलला.

नवशिकी
पाइप सुंदर दिसावा म्हणून वरून नेला आणि तिथेच हवा अडकली, हे मी कायम लक्षात ठेवीन. पुन्हा चढावर गेलात का?

ट्रेलरवाला
गेलो. तोच चढ, तोच ट्रेलर, बाहेर पुन्हा ३१.

हवेचं तापमान सुरुवातीला ४१, माथ्यावर ५२ आणि तिथेच टिकलं. नॉक रिटार्ड शून्य, एकदाच क्षणभर १ दिसला. बूस्ट वरपर्यंत चढत जाऊन ६.९. लॅम्बडा ०.८०. पण आकड्यांपेक्षा सांगायचं ते हे की, जिथे आधी गाडी तिसऱ्यात ४५०० वर ओरडायची तिथे चौथ्यात २८०० वर शांतपणे चढली आणि गिअरबॉक्सने मधे एकदाही गिअर बदलला नाही. बायको शेजारी होती, तिला काही सांगितलं नव्हतं, माथ्यावर आल्यावर ती म्हणाली, आज चढ लागलाच नाही का. मला भरून आलं खरं सांगतो.

एक गोष्ट मात्र, गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान १०८ झालं, आधी ९५ च्या आसपास असायचं.

पान्हा१३
अभिनंदन!! गिअरबॉक्सचं स्वाभाविक आहे, टॉर्क वाढला आणि तो टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्समधली ऑइलवर चालणारी जोडणी) जातोय. चौथ्यात कन्व्हर्टर लॉक होतोय का लॉगमध्ये बघ, होत नसेल तर ट्यूनरला सांग लवकर लॉक करायला. आणि वेगळा ऑइल कूलर लाव, पण तुझ्या इंटरकूलरच्या हीट एक्स्चेंजरच्या समोर नको, बाजूला.

एकपुली
जबरदस्त धागा. आता सगळं नीट आहे तर लहान पुली टाकून ९-१० पीएसआय का नाही करत? दोन बोल्टचं काम आहे.

लॅम्बडा
पुली दोन बोल्टांची आहे, बाकी काही दोन बोल्टांचं नाही. समज क्रॅंकची पुली २०० मिमी आणि ब्लोअरची ८५, तर ५६०० ला रोटर फिरतो १३,१०० च्या पुढे. ७५ ची टाकलीस की १४,९००. हवा जास्त येते तशी उष्णताही, ती काढायला हाच हीट एक्स्चेंजर. इंधन जास्त हवं आणि पंप कॅमवरचाच. आणि पिस्टन स्टॉक हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या अॅल्युमिनियमचे ओतीव), फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) नाहीत. ते नॉकिंग सहन करत नाहीत, वाकत नाहीत, फुटतात. रिंगांच्या टोकांमधली फटही साध्या इंजिनाच्या उष्णतेच्या हिशोबाने ठेवलेली असते, खूप तापल्या की टोकं एकमेकांना टेकतात आणि लॅंड उचकटतो. ज्यांना दहा हवेत त्यांनी इंजिन खोलून पिस्टन बदलावेत, मग बोलू.

ट्रेलरवाला
सातवर राहणार. मला जे हवं होतं ते मिळालंय, आणि ७ नंबर सिलिंडरला मी ९ टक्के गळतीसकट कामाला लावलंय, त्याच्याकडून आणखी मागायचं मनात नाही.

वेगळा कूलर आज लावला, माथ्यावर आता ९७. कॅच कॅनमध्ये ८०० किमीत दोन चमचे ऑइल-पाणी निघालं. पेट्रोल कायम वरच्या ऑक्टेनचंच.

जुनाफिटर
ब्लोअरच्या नाकातलं ऑइल विसरू नकोस, गिअर आणि बेअरिंगसाठी वेगळं असतं आणि ते इंजिनच्या ऑइलला जोडलेलं नसतं. किटच्या कागदात किती किमीला बघायचं ते लिहिलेलं असेल. कधी कुबट, उग्र वास आला तर तिथे गळतंय समज, तो वास एकदा आला की विसरत नाही माणूस.

१,००० किमीला मॅनिफोल्डचे बोल्ट थंड इंजिनवर परत तपास. आणि सातव्याचा प्लग काढून फोटो टाक, पोर्सलिनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर लगेच सांग.

ट्रेलरवाला
काका, १,००० ला सकाळी काढला. पोर्सलिन फिकट तपकिरी, ठिपके एकही नाहीत, ऑइलही नाही, सिलिंडर बंद व्हायची सिस्टिम काढल्याचा फरक दिसतोय. बोल्ट दोन थोडे सैल निघाले, १० ला केले. फोटो खाली देतोय. पुढचा लॉग आणि आठही प्लगचे फोटो ५,००० किमीला याच धाग्यात टाकीन.